तो वेळ आणि ती वेळ

'वेळ' या नामाचे लिंग कोणते, असा प्रश्न परीक्षेत आला तर बहुतेक विद्यार्थी एकच उत्तर लिहून मोकळे होतील. खरी उत्तरे दोन आहेत. आणि ती दोन का, हे समजून घेतल्याशिवाय लिंगविचार म्हणजे नुसती घोकंपट्टी होय.

आपल्या सालेकसा स्टेशनवरचेच बोलणे पाहू. 'गाडीला अजून बराच वेळ आहे' असे म्हणून आपण बाकावर बसतो आणि 'गाडीची वेळ झाली' म्हणून उठतो. पहिला वेळ पुल्लिंगी. तो कमीजास्त असतो, जातो, वाया जातो. दुसरी वेळ स्त्रीलिंगी. ती नेमकी असते. ती ठरते, येते, टळते. म्हणूनच 'त्याला जाऊन वेळ झाला' आणि 'त्याची जाण्याची वेळ झाली' यांत माणूस गेला की जायचा आहे, एवढा फरक पडतो. सामान्यरूपेही निराळी : 'थोड्या वेळाने', पण 'ठरल्या वेळेला'. 'पुष्कळ वेळ वाट पाहिली' ही एकाच दिवसाची गोष्ट असू शकते. 'पुष्कळ वेळा वाट पाहिली' ही अनेक खेपांची. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण तर या स्त्रीलिंगी अर्थावरच उभी आहे.

आता आपल्या भागाचा विचार करा. हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. आजही येथील अनेक घरांत गोंडी, पोवारी, छत्तीसगढी किंवा हिंदी बोलली जाते. हिंदीत 'समय' पुल्लिंगीच, आणि नपुंसकलिंग तर नाहीच. गोंडीत पुल्लिंगी आणि इतर, असे दोनच वर्ग. अशा घरचा विद्यार्थी वर्गात 'तासाचा वेळ झाला' म्हणाला की हशा पिकतो. पेपरात लिहिले तर तांबडी रेघ येते. रेघ चूक दाखवते, अर्थ शिकवीत नाही.

कोणी म्हणेल, मग लिंगाचा आग्रहच सोडा. तेही मला मान्य नाही. वर पाहिल्याप्रमाणे लिंग गेले तर अर्थही जातो, आणि खेड्यातल्या मुलांना अर्धीमुर्धी मराठी पुरे, असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. माझे म्हणणे एवढेच की, चुकणाऱ्याला हसण्याऐवजी विचारावे, 'तुला किती वेळ म्हणायचे आहे, की कोणती वेळ?' या एका प्रश्नाने व्याकरण शिकवले जाईल आणि शिकणाऱ्याचा मानही राहील.