माळ्यावरचे सजीव

युग्लीना हिरवी असते आणि उन्हात स्वतःचे अन्न स्वतः बनवते, म्हणून वनस्पतिशास्त्र तिला शैवाल म्हणत आले. ती कशाभिकेच्या साहाय्याने पोहते आणि अंधारात ठेवली तर आयते अन्न शोषून जगते, म्हणून प्राणिशास्त्राने तिला आदिजीवांत धरले. एका सातबाऱ्यावर दोघांनी हक्क सांगावा, तशातला हा प्रकार.

वाद जुना आहे. लिनियसने १७३५ मध्ये सजीवांच्या दोनच सृष्टी केल्या: वनस्पती आणि प्राणी. लेव्हेनहूकने भिंगाखाली सूक्ष्मजीव पाहिले त्याला तेव्हा साठ वर्षे होत आली होती. लिनियसने पुढे त्यांच्यातल्या काहींना ‘केऑस’ नावाच्या प्रजातीत घातले. केऑस म्हणजे गोंधळ. नाव प्रामाणिक म्हणायचे!

हेकेलने १८६६ मध्ये ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सृष्टी मांडली. दोन्हीकडे न बसणारे सारे तिच्यात गेले. घरात जागा नसलेली वस्तू माळ्यावर जाते तसे. पुढे कोपलंडने १९३८ मध्ये जीवाणूंना वेगळी सृष्टी दिली, तर व्हिटाकरने १९६९ मध्ये कवकांनाही स्वतंत्र करून पाच सृष्टी केल्या. हीच मांडणी आपली मुले शाळेत पाठ करतात. ती सोयीची आहे, पण माळा तिच्यातही तसाच राहिला.

तोवर वर्गीकरणाचा आधार होता रूप, पेशीची रचना आणि अन्न मिळवण्याची रीत. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधल्या आरएनएची तुलना केली, म्हणजे थेट वंशावळच तपासली. मिथेन तयार करणारे काही सूक्ष्मजीव दिसायला जीवाणूंसारखे, पण वंशाने फार दूरचे निघाले. तेच आर्किया. प्रोटिस्टांचे तर घरच फुटले. अमीबा हा पॅरामेशियमपेक्षा माणसाला जवळचा ठरला आणि हिवतापाच्या परजीवीत शैवालाकडून आलेल्या लवकाचा अवशेष सापडला. प्रोटिस्टा हे आता सोयीचे नाव उरले आहे, कुळाचे नव्हे.

पाच सृष्टी शिकवू नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्या १९६९ च्या आहेत आणि गोष्ट पुढे सरकली आहे, एवढे शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. उदाहरणही दूरचे नको: गावातल्या गोबरगॅसच्या टाकीतला मिथेन आर्कियाच तयार करतात.