यादी दरवेळी नव्याने का करायची?

घणसोली गावात सकाळी आठच्या सुमारास गल्लीगल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांमधून पाठीवर बॅग लावलेली पोरं बाहेर पडतात. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या काचेच्या इमारतींत त्यांची कामं. दिवसभर दुसऱ्याचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं. जुलै 2021 मध्ये महाड-चिपळूण बुडालं तेव्हा यांच्यातल्याच काही जणांनी दोन रात्री जागून मदतीचं ॲप बनवलं. कुणाला चादरी हव्यात, कोणती गाडी कुठे अडकली, सगळं फोनवर. पहिल्याच दिवशी एका डायबिटिसवाल्या आजींची अडचण कळली, म्हणून इन्सुलिन आणि बर्फ यांचा वेगळा रकानाही घातला गेला.

वर्षभराने ॲप उघडलं तर चालेना. बनवणारा बंगळूरला गेला होता, सर्व्हरचे पैसे कुणी भरले नव्हते, कोड त्याच्या जुन्या लॅपटॉपवर. पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा वही काढली. त्या वहीत इन्सुलिनचा रकाना नव्हता.

दोष त्या मुलांचा नाही. नवं बनवलं की फोटो निघतात, कौतुक होतं. बनवलेलं सांभाळणाऱ्याला कोण विचारतो? विहीर खोदणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात, गाळ काढणाऱ्याचं नाही.

जगात हे वेगळ्या तऱ्हेनेही झालं आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या स्वयंसेवकांनी ‘सहाना’ बनवलं. सिंहलीत या शब्दाचा अर्थच दिलासा. कोड खुला ठेवल्यामुळे पुढच्याच वर्षी काश्मीरच्या भूकंपात पाकिस्तानने तो वापरला. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स कंपनीच्या लोकांनी ‘बाह्मनी’ उभं केलं. त्यांनी सगळं शून्यापासून लिहिलं नाही. रुग्णाच्या नोंदींसाठी ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस, बिलासाठी आणखी एक, अशी आधीची खुली सॉफ्टवेअरं जोडून घेतली. याच कंपनीत काम केलेल्या जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांनी 2010 मध्ये ‘कंटिन्युअस डिलिव्हरी’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बदल छोटे करा, प्रत्येक बदलाची चाचणी मशीनकडून आपोआप होऊ द्या आणि सॉफ्टवेअर कायम वापरायला देण्याजोगं ठेवा. वर्षातून एकदा मोठा उपद्व्याप नको.

यावर कुणी म्हणेल, सतत बदल म्हणजे सतत धोका. खरं आहे. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख कॉम्प्युटर बंद पाडले आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. गावच्या दवाखान्यात ओपीडी चालू असताना असं झालं तर? म्हणून बदल तयार ठेवणं वेगळं आणि तो दवाखान्याच्या मशीनवर चढवणं वेगळं. चढवायचा कधी ते तिथल्या नर्सताईंनी ठरवावं, आणि बिघडलं तर पाच मिनिटांत जुनं परत यायला हवं.

आणखी एक गोष्ट, आणि तिच्यावर मी अडून बसणार आहे. कोड खुला असावा, यादी नव्हे. मदत घेणाऱ्याचं नाव, मोहल्ला, आजार हे व्हॉट्सॲपवर फिरलेलं आपण पाहिलं आहे. जकात देताना डाव्या हाताला कळू न देणारे आपण, एक्सेल शीट मात्र तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकतो. त्या यादीतल्या विधवेला कुणी विचारलं होतं का? शिवाय आजच्या दिवसांत नाव आणि पत्ता एकत्र फिरणं किती महाग पडू शकतं, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

म्हणून गावातल्या या पोरांकडे माझं मागणं लहान आहे. नवं ॲप नको. महिन्यातला एक रविवार, चार तास. जे खुलं आहे ते उतरवून घ्या, चालतंय का बघा, स्क्रीनवरची इंग्रजी वाक्यं मराठीत करा, कारण शिबिरातल्या खालाजानला ‘सबमिट’ कळत नाही. दुरुस्ती केलीत तर मूळ प्रकल्पाकडे पाठवा, स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवू नका. आणि एका कामात किमान दोघे असा, एक बंगळूरला गेला तरी दुसरा इथे असेल.

पहिल्या रविवारी इन्सुलिनच्या रकान्यापासून सुरुवात केली तरी चालेल.