समाधानासाठी एक दाबा

सरकारी दवाखान्यातली सेवा कशी आहे हे रुग्णालाच विचारून ठरवण्याची पद्धत भारतात गेल्या दशकभरात चांगलीच रुळली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था सुरू केली. रुग्णाच्या मोबाईलवर संदेश किंवा फोन येतो, समाधान झाले का असे विचारले जाते आणि झाले नसेल तर त्याचे कारण निवडायचे असते. त्याआधी, २०१३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांतही रुग्ण-समाधानाच्या सर्वेक्षणाला जागा आहे. कागदोपत्री रुग्णाला इतका मान पूर्वी कधी मिळाला नव्हता. केसपेपरवर नोंदवलेला नंबर मात्र कधी शेजाऱ्याचा असतो, कधी मुंबईत कामाला असलेल्या मुलाचा. त्याचे समाधान व्हायला काहीच हरकत नसते, कारण तो दवाखान्यात गेलेलाच नसतो.

नंबर बरोबर असला तरी उत्तराचा भरवसा कमीच. जेवणावळीत यजमानाने ‘पोटभर झालं ना?’ असे विचारले की पान अर्धे रिकामे असूनही पाहुणा मान डोलावतो; दवाखान्याचा अभिप्राय बराचसा त्याच जातीचा. त्यातून गावात प्राथमिक आरोग्य केंद्र एकच. पुढचे बाळंतपण तिथेच, त्याच सिस्टरच्या हातून व्हायचे असते. तिच्याविषयी फोनवर खरे बोलण्याची हौस कोणाला असणार?

याहून मोठी अडचण अपेक्षेची आहे. आरोग्याविषयीची माणसाची स्वतःची समजूत आणि प्रत्यक्ष स्थिती यांत किती अंतर पडू शकते, हे अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील लेखात दाखवले. केरळात आयुर्मान आणि साक्षरता सर्वाधिक, पण आजारपणाच्या तक्रारीही तिथेच सर्वाधिक. बिहारात आयुर्मान कमी, दवाखाने कमी आणि तक्रारीही कमी. चांगली सेवा पाहिलेला माणूस कुरकुर करतो. जिने ती कधी पाहिलीच नाही, त्या बाईला खाट मिळाली हेच पुष्कळ वाटते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात शंभरातले नव्वद रुग्ण समाधानी निघाले, तर आरोग्याधिकाऱ्याने पेढे वाटण्याआधी थोडे थांबलेले बरे.

यावर उपाय म्हणजे समाधान न विचारता काय घडले ते विचारणे. डॉक्टर भेटले का? औषध दवाखान्यातून मिळाले की बाहेरची चिठ्ठी दिली? पैसे कोणी मागितले का? जननी सुरक्षा योजनेची रक्कम हाती पडली का? महाराष्ट्रात हा प्रयोग झालेला आहे, आणि तोही ‘मेरा अस्पताल’च्या कितीतरी आधी. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे पाच जिल्हे निवडले गेले. समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. गावकऱ्यांनी सेवांचे प्रगतिपुस्तक भरायचे. चांगल्या सेवेला हिरवा रंग, बरीला पिवळा, वाईटाला लाल. आणि मग जनसुनवाई. वैद्यकीय अधिकारी, जिल्ह्याचे अधिकारी आणि ज्यांना चिठ्ठी दिली ते लोक एकाच मांडवात. तिथे प्रश्न विचारणाऱ्याला नाव आणि गाव असते, उत्तर देणाऱ्याला खुर्ची असते, आणि उत्तर ऐकायला सारी पंचक्रोशी असते. मोबाईलवरच्या संदेशात नेमके हेच तीन घटक गाळलेले आहेत.

जनसुनवाईतही गोची होतीच. औषधे का नाहीत, याचा जाब केंद्रातल्या तरुण डॉक्टरला द्यावा लागे. खरेदी मात्र वरून व्हायची. २०१७ मध्ये ती हाफकिनच्या महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदी करणारे मांडवात क्वचितच दिसत.

ज्यांना मांडवापर्यंत जाताच येत नाही, अशांची एक सोय कायद्याने बरी केली आहे. बालगृहातल्या मुलांसाठीच्या नियमांत सूचनापेटी सांगितली आहे, आणि ती कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ असावी असेही लिहिले आहे. तिची किल्ली अधीक्षकाकडे नसते, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असते. नियम करणाऱ्याने जग पाहिलेले असावे. वृद्धाश्रमांच्या वाट्याला असा कोणी आलेला दिसत नाही.

राहिला ग्राहकाचा हक्क. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण जिथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतात ती रुग्णालये वगळून. नोंदणीपुरते नाममात्र शुल्क घेतले तरी फरक पडत नाही, हेही न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत केले. निर्णय उत्तमच, पण त्या रुग्णालयांतल्या रुग्णासाठी ग्राहक आयोगाचा दरवाजा आता पुरताच बंद झाला. त्याच्या हाती उरते ती रुग्ण कल्याण समिती. या समितीकडे थोडाफार अबंधित निधी असतो आणि संडासाचा नळ बसवायला तिला मुंबईची परवानगी लागत नाही. नळाची तक्रार मात्र मोबाईलवरून थेट दिल्लीच्या पडद्यावर जाते. समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर यायला तिला बराच उलटा प्रवास करावा लागतो.