विषय येतो, मग बीएड कशाला?

गणितात एमएस्सी झालेल्या मुलीने बीएडचा अर्ज भरला की घरातूनच पहिला प्रश्न येतो. ‘एवढं शिकलीस, आता नववी-दहावीला शिकवायला आणखी दोन वर्षं?’ इंजिनिअरिंग करून शाळेकडे वळणाऱ्याला तर प्रश्नाऐवजी सहानुभूती मिळते. माध्यमिक शिक्षकाला पदवीवर आणखी एक पदवी लागते, हा अनेकांना निव्वळ सरकारी हट्ट वाटतो. त्यांचा पहिला आक्षेप आहे की विषय आला म्हणजे शिकवता येतेच. दुसरा असा, की बीएडमध्ये तसेही काही शिकवत नाहीत.

पहिला आक्षेप वर्गाच्या दारात कोसळतो. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे त्या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज, असे लिहिणारी मुले दर वर्षी प्रत्येक शाळेत असतात. एमएस्सीवाल्याला ही चूक क्षणात दिसते. तो लाल रेघ ओढतो, सूत्र फळ्यावर लिहितो, आणि पुढच्या चाचणीत तीच चूक पुन्हा समोर येते. अध्यापन पद्धती शिकलेली शिक्षिका त्याच मुलाला सात सेंटिमीटर बाजूचा चौरस काढायला लावते आणि प्रत्येक बाजूचे तीन व चार असे भाग पाडायला सांगते. नऊ आणि सोळाच्या चौरसांशेजारी बारा-बाराचे दोन आयत उरलेले मुलालाच दिसतात. एकोणपन्नास का आणि पंचवीस का नाही, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

भूगोलातही तसेच. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा होतो, ही समजूत पक्की असलेल्या मुलाला अक्षाचा कल पाठ करून घेतल्याने फारसा फरक पडत नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे थंडी असताना, हे आधी त्याच्या पुढ्यात ठेवावे लागते. ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने 1986 मध्ये हीच गोष्ट मांडली. विषयाचे ज्ञान एक, तो विषय शिकणाऱ्याला कुठे अडतो याचे ज्ञान दुसरे, आणि शिक्षकाला हे दुसरेही लागते.

यावर हमखास कोचिंग क्लासचा दाखला दिला जातो. तिथले नावाजलेले सर कुठे बीएड असतात? नसतील. पण क्लासमध्ये फी भरून, बहुधा शाळेत एकदा शिकून झालेली मुले येतात. शाळा मुले गाळून घेत नाही.

दुसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे. ‘नॉन-अटेंडिंग’ बीएड म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सूक्ष्म अध्यापनाचे पाठ कागदावर, टाचणवह्या मागच्या वर्षीच्या छात्रांकडून उतरवलेल्या. पण नियम काय म्हणतो? राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या विनियमांनी बीएड दोन वर्षांचे केले. त्यात दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची शाळेतील इंटर्नशिप ठेवली. हजेरीची अट अभ्यासक्रमाला 80 टक्के आणि इंटर्नशिपला 90 टक्के. म्हणजे गैरहजर राहून मिळालेले बीएड हा त्या अभ्यासक्रमाचा दोष नसून सरळ सरळ नियमभंग आहे. त्याच्याकडे बोट दाखवून प्रशिक्षणच मोडीत काढायचे, हे अजब तर्कट आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या बाजाराची पुरेशी ओळख महाराष्ट्राला आधीच झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगामागे राज्यातील 291 डीएड संस्थांच्या मान्यतेचा वाद होता. त्या आयोगाचा अहवाल 2012 चा.

खरा दोष दुसरीकडे आहे आणि त्यावर फारसे कुणी बोलत नाही. बीएडच्या प्रवेश परीक्षेत बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता यांचे शंभर प्रश्न असतात. नोकरीसाठीच्या ‘टेट’मध्ये, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीत, 200 पैकी 120 गुण अभियोग्यतेला आणि 80 बुद्धिमत्तेला. गणिताच्या शिक्षकाला यात नववीच्या भूमितीबद्दल विषय म्हणून काहीच विचारले जात नाही. पदवी आहे म्हणजे विषय येतो, असे शासनानेही गृहीत धरले आहे. आशय आणि पद्धत एकत्र तपासण्याची जागा राहते ती बीएडमधल्या पाठाची, आणि तीच जागा नॉन-अटेंडिंगवाले विकतात.

पैशाचा मुद्दाही रास्त आहे. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचे मानधन जानेवारी 2023 पासून 18,000 रुपये झाले. त्याआधी ते 8,000 होते. दोन पदव्यांनंतर तीन वर्षे या रकमेवर काढायला सांगणारे शासन हुशार तरुणांना शाळेपासून दूरच लोटते. पण मानधन तुटपुंजे असेल तर ते वाढवावे, प्रशिक्षण कशाला कापायचे? चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांना एक वर्षाचे बीएड देण्याची तरतूद 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आहे. एमएस्सीवाल्याला हा रस्ता सोयीचा आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. अट एकच: कात्री सिद्धांताच्या पेपरांना लागावी, शाळेतल्या सोळा आठवड्यांना नाही.

बीएडला प्रवेश घेणाऱ्यांनी फी विचारण्याआधी कॉलेजला तीन गोष्टी विचाराव्यात. इंटर्नशिपची शाळा कोणती, तिथे छात्राध्यापकाचा पाठ अख्खा तास बसून कोण पाहतो, आणि हजेरीपत्रक रोज भरले जाते का. ‘हजेरीचं आम्ही बघून घेऊ’ असे उत्तर आले, तर दुसरे कॉलेज शोधावे.