विश्लेषण : चंद्रपूरच्या उन्हात फाइव्हजी टॉवरचे ‘घड्याळ’ का चुकू शकते?

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा फाइव्हजी टॉवरवरच्या एका बारीक भागाची कसोटी लागते. तो भाग म्हणजे क्वार्ट्झ ऑसिलेटर, टॉवरचे घड्याळच. जीपीएसच्या वेळेशी ताडून, नियंत्रण व्होल्टेज कमी-जास्त करून ते जुळवत ठेवतात.

व्होल्टेज गाळायचे कशाला?

समजा, एका व्होल्टला ऑसिलेटर अब्जात २०० भागांनी सरकतो. मग वीजपुरवठ्यातून आलेली मिलिव्होल्टची थरथरही त्याला हलवते. १० मेगाहर्ट्झवरून ३५०० पर्यंत नेताना ती चूक हर्ट्झमध्ये ३५० पट होते. म्हणून वाटेत रेझिस्टर-कपॅसिटरची गाळणी बसवतात. १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले, तर साधारण १.६ हर्ट्झवरचे चढउतार दबत जातात.

गोम या गाळणीतच आहे. स्वस्त इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधून उष्णतेत जास्त करंट गळतो. गळती एक मायक्रोअँपिअरने वाढली, की रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट जातात. चूक अब्जात दोन भागांची. जीपीएस असेपर्यंत यंत्रणा ती भरून काढते. पण जीपीएस अँटेना बंद पडल्यानंतर गळती एवढी वाढली, तर साडेबारा मिनिटांत घड्याळ दीड मायक्रोसेकंद चुकते. शेजारच्या टॉवरशी पाळी साधणाऱ्या टीडीडी फाइव्हजीची मर्यादा तेवढीच. पुढे टॉवर एकमेकांच्या संभाषणात घुसतात. इथे फिल्म कपॅसिटरच हवा, महाग आणि आकाराने मोठा असला तरी.

गडचिरोलीत काय?

पर्लकोटेच्या पुरात भामरागडचा रस्ता तुटला, की दुरुस्ती पथक पोहोचणे कठीण. मात्र एफडीडी फोरजी टॉवरला अब्जात ५० भागांपर्यंत सूट असते. तिथे ही गळती सहज पचते.