दोरा दातात नको

टाळेबंदी शिथिल होत असताना २८ जून २०२० पासून राज्यातली केशकर्तनालये आणि ब्युटी पार्लर पुन्हा सुरू करायला सरकारने परवानगी दिली. त्या आदेशातली वर्गवारी मोठी गमतीची होती. केस कापणे, केस रंगवणे, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग यांना मुभा होती. त्वचेशी संबंधित सेवांना मात्र तूर्त मनाई होती. आदेश लिहिणाऱ्याच्या मनात फेशियल, क्लीनअप वगैरे असणार, हे समजण्यासारखे आहे. तरीही वॅक्सिंग आणि थ्रेडिंग यांचा त्वचेशी संबंध नाही, असे सरकारी कागदावर उमटले आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. वाटणार तरी कसे? आपण सगळेच तसे समजतो. भाजी आणता आणता वाटेत उरकायचे काम म्हणजे आयब्रो. पन्नास-शंभर रुपये, पाच-दहा मिनिटे, डोळ्यांतून दोन थेंब पाणी आणि संपले.

माझे म्हणणे एवढेच की, भुवया कोरणे हे त्वचेवर केलेले काम आहे आणि त्याला एखाद्या छोट्या जखमेइतका तरी मान द्यायला हवा. भुवया कोरू नका, असे मी म्हणत नाही. तसे सांगणारे डॉक्टर स्वतःच्या घरातही कुणाला पटवू शकत नाहीत.

दोऱ्याचा पीळ केसाला पकडतो आणि मुळासकट उपटतो, तेव्हा केस ज्या नळीत रुजलेला असतो तिचे तोंड काही काळ उघडे राहते. शिवाय तो पीळ त्वचेवरून घासत जातो. वरचा मृत पेशींचा पातळ थर, जो जंतूंना बाहेर ठेवतो, तो त्या घासण्याने खरवडला जातो. दोन्ही भुवया झाल्या की चेहऱ्यावर अशी बरीच बारीक दारे उघडी असतात. निरोगी त्वचा ती एखाद्या दिवसात मिटवून टाकते आणि बहुतेकींना कधीच काही होत नाही. प्रश्न असतो तो या मधल्या वेळात त्या दारांतून आत काय जाते, याचा.

आणि इथे दोऱ्याचे दुसरे टोक येते. ते बहुतेक ठिकाणी करणारीच्या दातात असते. तीन टोकांचा ताण राखायला दोन हात पुरत नाहीत, म्हणून ही सोय. पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेलेली आणि हाताला बसलेली. पण तोंडातून ओला झालेला तोच दोरा सरकत सरकत भुवईवर येतो. तोंडात आणि घशात असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. त्यांचा तिथे काही त्रास नसतो, पण खरवडलेल्या त्वचेवर ते गेले की पुटकुळ्या, पू धरलेले बारीक फोड, कधी मधासारख्या पिवळट खपल्या असे प्रकार दिसतात. करणारीच्या ओठावर हर्पिसचे फोड आले असतील तर तो विषाणूही याच वाटेने जाऊ शकतो आणि डोळ्याजवळचा हर्पिस ही चेष्टेची गोष्ट नव्हे. उलट बाजूनेही पाहा. दिवसभर अनोळखी चेहऱ्यांवरून फिरलेला दोरा ती बाई दातात धरते. तिच्या हिरड्यांना आणि ओठांना बारीक काप पडलेले असतात. धोका तिलाही तितकाच आहे, किंबहुना रोजचा असल्यामुळे जास्तच.

पुटकुळ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात, त्यामुळे त्यांचा आणि पार्लरचा संबंध तरी लक्षात येतो. चामखिळांचे तसे नसते. चपटे, त्वचेच्याच रंगाचे, टाचणीच्या डोक्याएवढे चामखीळ भुवईच्या वर किंवा खाली एका ओळीत उगवतात, जणू कुणी टिंबांची रेघ मारली आहे. ही रेघ म्हणजे दोऱ्याचा मार्ग. त्यांचा विषाणू त्वचेत शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत अनेकदा दोन-तीन महिने जातात, कधी त्याहून जास्त. तोवर दोन-तीन वेळा भुवया कोरून झालेल्या असतात आणि दर वेळी दोरा तो विषाणू आणखी पुढे नेऊन पेरतो. मोती बसवल्यासारख्या, मध्ये खळगा असलेल्या मोलस्कमच्या पुळ्याही अशाच पसरतात. ‘पार्लरमुळे? छे, तिथे जाऊन तर किती दिवस झाले!’ हे उत्तर आम्हा त्वचारोगतज्ज्ञांना पाठ असते. पार्लरचालिकेपर्यंत ही तक्रार कधी पोहोचतच नाही, मग तिने सुधारणा करायची तरी कशाच्या आधारावर?

एक भीती मात्र विनाकारण पसरवली जाते. दोऱ्याला लागलेल्या थुंकीतून एचआयव्ही होत नाही. रक्ताची गोष्ट वेगळी. भुवई कोरताना रक्ताचे बारीक थेंब येतात, भुवयांच्या कडा साफ करायला ब्लेड किंवा चिमटा वापरला जातो आणि तोच पुसून पुढच्या बाईला लावला जातो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्यामुळे ब्लेड दर वेळी नवे आणि चिमटा निर्जंतुक केलेला हवा, यात तडजोड नको. पुरुषांच्या सलूनमध्येही आता सर्रास भुवया कोरल्या जातात आणि तिथे तर एकच तुरटीचा खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरतो. हिपॅटायटिस बीवर लस आहे. पार्लर आणि सलूनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ती घेतलेली असावी.

काही जणींसाठी दोरा मुळातच बरा नाही. कोड किंवा सोरायसिस असेल तर जिथे त्वचेला इजा होते तिथेच नवा डाग उमटू शकतो. हाइनरिख कोब्नर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट नोंदवली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्वचा इतकी नाजूक झालेली असते की वॅक्सच्या पट्टीबरोबर तिचा वरचा थर सोलून निघतो. गोळ्या बंद केल्यावरही सहा महिने वॅक्स टाळावे. रात्री लावायच्या ट्रेटिनॉइन, अॅडापलीन किंवा रेटिनॉल असलेल्या क्रीमचाही कमी-अधिक असाच परिणाम होतो. पण पार्लरमध्ये कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही, कारण ‘त्वचेचे औषध आणि आयब्रोचा काय संबंध?’ पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. गरम वॅक्स तिथे पोहोचण्याआधी हे सांगितलेले बरे. भुवयांखालच्या केसांवर लेझर करून घेण्याचा मोह तर टाळाच. लेझरचा किरण रंगद्रव्य शोधतो आणि बुबुळाच्या रंगीत पडद्यातही ते असते. तिथल्या लेझरने डोळ्याला कायमची इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

आता नंतरच्या काळजीबद्दल. खरा गोंधळ इथेच आहे, कारण आपल्याकडे नंतरची काळजी म्हणजे काहीतरी लावणे. भुवया झाल्या की डब्यातली पावडर, तोही पफ सगळ्यांचा एकच. मग कापसावर झोंबणारा टोनर. ‘थंड वाटेल’ म्हणून कोरफडीचे जेल, ज्यात कोरफडीपेक्षा सुगंध आणि रंगच जास्त असतो. घरी आल्यावर हळद, लिंबू, क्वचित टूथपेस्ट. ताज्या ओरखड्यावर आपण लिंबू पिळून घेऊ का? खरे तर या त्वचेला फार थोडे हवे असते. स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला मऊ रुमाल पाच-दहा मिनिटे ठेवावा. बर्फाचा खडा थेट चोळू नये. व्हॅसलीन किंवा बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात फिरवावा. लाली काही तासांत उतरते. त्या दिवशी मेकअप, वाफ, स्विमिंग पूल आणि सारखे हात लावून पाहणे, एवढे टाळले की झाले. आणि पॅकेज स्वस्त पडते म्हणून थ्रेडिंगला लागूनच ब्लीच करून घेऊ नये. ब्लीचमधला अमोनिया आणि पेरॉक्साइड शाबूत त्वचेलाही झोंबतो, मग खरवडलेल्या त्वचेचे काय होत असेल?

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेची आणखी एक गोष्ट आहे. ती जखम लवकर विसरते, पण तिचा डाग विसरत नाही. दाह झाला की तिथे जास्तीचे रंगद्रव्य तयार होते आणि भुवईभोवती तपकिरी कडा राहते. ती जायला महिने लागतात. उन्हात तर ती आणखी गडद होते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून सनस्क्रीन. लग्न किंवा गौरी-गणपती तोंडावर असेल तर भुवया आदल्या संध्याकाळी कोरण्याऐवजी दोन-तीन दिवस आधी कोराव्यात, म्हणजे काही झालेच तर सावरायला अवधी मिळतो.

टिकलीकडे कुणाचे लक्षच जात नाही. दोन भुवयांच्या मधली जागा दोऱ्याने साफ केली जाते आणि तासाभरात तिथेच टिकली चिकटते. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने खाज आणि चट्टा तर येतोच, पण काही स्त्रियांमध्ये टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उमटतो. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार कित्येक वर्षांपासून चांगला परिचित आहे. खरवडलेल्या त्वचेतून ते रसायन आणखी सहज आत जाते. एक दिवस टिकली न लावणे ज्यांना अवघड वाटते, त्यांनी निदान रात्री तरी ती काढून आरशाला लावावी.

पुरळ आलेच, तर आपले पाय डॉक्टरांकडे वळत नाहीत, ते कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे वळतात. तिथे ‘खाजेची ट्यूब’ मिळते. तिच्यात बहुधा एक तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक अशी खिचडी असते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवरचे वास्तव वाचकांना ठाऊक आहे. ही ट्यूब लावली की लाली दोन दिवसांत जाते आणि म्हणूनच ती फसवी. स्टेरॉइडने दाह दबतो, पण जंतू, बुरशी आणि चामखिळांच्या विषाणूला रान मोकळे मिळते. डोळ्याच्या इतक्या जवळ ती आठवडेच्या आठवडे लावली तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूपर्यंत मजल जाऊ शकते. साध्या पुटकुळ्यांना गरम न लागेल असा कोमट शेक, स्वच्छता आणि दोन दिवसांचा धीर पुरतो. मात्र पापणी सुजून डोळा मिटायला लागला, ताप आला, डोळा हलवताना दुखले किंवा दिसण्यात फरक पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, रात्र असली तरी. चेहऱ्याच्या या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या खोबणीतून मेंदूलगतच्या शिरांना जोडलेल्या असतात. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा त्याला वेळ नसतो.

हे सारे वाचून पार्लरवाल्या बाईंवर खापर फोडणे सोपे आहे आणि ते मला मान्य नाही. गल्लीतले पार्लर म्हणजे बहुतेकदा घराची पुढची खोली आणि संसाराला लागलेला हातभार असतो. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे, पण बहुतेक जणी दुसऱ्या बाईच्या हाताखाली पाहून पाहून शिकतात आणि तिने दोरा दातात धरला म्हणून त्याही धरतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, नुसती सूचना दिली की पुरते. त्या सूचनेत दोरा, दात आणि पफ यांचा प्रश्न कुठेच येत नाही. बचत गटांना, महिला व बालविकासाच्या शिबिरांना शिलाई मशीन वाटायला पैसे मिळतात. त्याच शिबिरात अर्ध्या दिवसाचे जंतूंबद्दलचे शिक्षण आणि हिपॅटायटिस बीची लस द्यायला असा किती खर्च येणार आहे?

दोऱ्याचे टोक गळ्यामागे बांधूनही थ्रेडिंग उत्तम करता येते. करोनाकाळात अनेकींनी ते शिकून घेतले होते आणि मास्क उतरले तसे त्यातल्या पुष्कळ जणी पुन्हा दातांवर आल्या. कारण सरळ आहे: कुणी मागितलेच नाही. ‘ताई, दोरा गळ्याला बांधून कराल का? आणि रिळावरून नवा काढा ना,’ एवढे बोलायला आपल्याला संकोच वाटतो. वर्षानुवर्षांची ओळख असते, तिला वाईट वाटेल असे वाटते. मग नवा दोरा, हात धुणे आणि स्वतःचा पफ यांचे दहा रुपये जास्त घ्या, असे आपणच म्हणावे. तिला वाईट वाटण्याऐवजी परवडेल.

आणि त्या ताईंना एक विनंती. भुवयांकडे इतक्या जवळून, दर महिन्याला, डॉक्टरसुद्धा पाहत नाहीत. एखादीच्या भुवईची बाहेरची बाजू वरचेवर विरळ होत चालली असेल तर पेन्सिलने भरून देण्याआधी तिला तसे सांगा. पुष्कळदा कारण वर्षानुवर्षे केस उपटण्याचेच असते. पण थायरॉइड मंदावल्याचे ते लक्षण असू शकते आणि क्वचित कुष्ठरोगाचेही. आपल्या राज्यातून कुष्ठरोग गेलेला नाही. लवकर कळला तर तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिथली त्वचा फिकट किंवा जाड वाटली, किंवा दोरा फिरताना एरवी कळवळणारी बाई एका जागी काहीच लागत नाही म्हणाली, तर त्या दिवशी भुवया तशाच ठेवून तिला दवाखान्यात पाठवा.