मुलीचा खेळ बंद करण्याआधी

दीड महिन्यापूर्वी एक आई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलगी शाळेच्या हॉकी संघात खेळते. अर्ध्या खेळातच धाप लागते, पोटऱ्या दुखतात, अशी तक्रार. "डॉक्टरसाहेब, आता ती मोठी झाली. खेळ बंद कर असं तुम्हीच तिला सांगा. माझं ऐकत नाही." मी मुलीची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक! रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन साडेआठ ग्रॅम. या वयात ते निदान बारा हवे.

मग मी त्या मायलेकींना २०१३ सालची हकिगत सांगितली. जर्मनीत मोंशेनग्लाडबाख येथे २१ वर्षांखालील मुलींच्या हॉकीची विश्वचषक स्पर्धा भरली होती. ही स्पर्धा १९८९ पासून होते, पण भारताच्या मुलींना तोवर एकही पदक मिळाले नव्हते. तिसऱ्या क्रमांकासाठी इंग्लंडशी गाठ पडली. तेव्हा सामना सत्तर मिनिटांचा असे. १-१ अशी बरोबरी झाली आणि शूटआउटची वेळ आली. २३ मीटरच्या रेषेवरून एकटीने चेंडू घेऊन गोलरक्षकावर चालून जायचे आणि आठ सेकंदांत गोल करायचा. तोही सत्तर मिनिटे कमरेत वाकून धावल्यावर. आपल्या पोरींनी ३-२ अशी बाजी मारून कांस्यपदक आणले. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली हरियाणातील शाहाबादची राणी रामपाल.

या राणीनेच पुढे सांगितले आहे, की प्रशिक्षणाला प्रत्येकीने रोज अर्धा लिटर दूध आणावे असा नियम होता. तिच्या घरी जेमतेम २०० मिलिलिटर परवडे. ती त्यात गुपचूप पाणी घालून पीत असे.

आपल्याकडे मुलगी दमली की तिचा खेळ बंद होतो, ताट मात्र तेच राहते. मला राग येतो तो याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. अंग वाढते आहे, दर महिन्याला पाळीत रक्त जाते आहे आणि पानात उरलेसुरले पडते आहे. स्नायूंना प्राणवायू पोचवायचे काम हिमोग्लोबिनचे. तेच कमी असेल तर पोरगी धावणार कशी? तिला आळशी म्हणणारे क्रीडाशिक्षकही मी पाहिले आहेत. संघ निवडताना बूट तपासतात तसे रक्तही तपासून घ्यायला काय हरकत आहे?

दुधाने रक्त वाढते, ही समजूत मात्र सोडा. दूध हाडांना उत्तम, पण त्यात लोह नसल्यात जमा. गुळाचा खडा खाऊनही साडेआठचे बारा होत नाहीत. बाजरी, पालेभाजी, कडधान्ये, हळीव, चालत असेल तर मटण हे हवेच. वर लिंबू पिळावे आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळावा, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोटात मळमळते म्हणून पुष्कळ मुली फेकून देतात. ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळी होते, त्याला घाबरू नये. जंताची गोळीही चुकवू नये. पण हिमोग्लोबिन एवढे उतरले असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची सुरू करावी लागते आणि रक्त भरल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागते. पाळीत फार रक्त जात असेल तर तेही न लाजता सांगा.

त्या मुलीचे रक्त परवा पुन्हा तपासले. दहाच्या थोडे वर आले आहे. अकरा होईपर्यंत जोराने धावू नकोस, गोलरक्षक म्हणून उभी राहा, असे मी सुचवले होते. ते तिला मुळीच पटलेले नाही.